विकतचे बाण, हातचे बाण

आमच्या मैदानावर रविवारी सकाळी नव्या मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. धनुष्य तर घेतले, आता बाण विकत घ्यावेत की घरी तयार करावेत? २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याच्या प्रकारातील वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, तेव्हापासून हा प्रश्न अधिक वेळा कानावर येतो. उभ्या उभ्या दिलेले माझे उत्तर दर वेळी अपुरे राहते, म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहे. मी प्रशिक्षक नाही. बारा वर्षे धनुर्विद्येचा सराव करतो आहे, त्यांतील पहिली तीन वर्षे विकतचे तयार बाण वापरले आणि नंतर हळूहळू स्वतःचे बाण स्वतः तयार करू लागलो, एवढाच माझा अधिकार आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो. माझे पहिले धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले होते आणि २८ पाउंड ओढीचे, म्हणजे पूर्ण ताणायला तेवढा जोर लागणारे होते. त्याच्यासोबत दुकानदाराने कार्बनच्या तीस इंची तयार बाणांचा एक डझन दिला आणि हे सर्व धनुष्यांना चालतात, असे सांगितले. बाण दिसायला सुंदर होते. पण वीस मीटरवरून मारलेला प्रत्येक बाण डावीकडे जाई, आणि तोही वळवळत, शेपटी झटकत जाई. चार महिने मी माझ्या उजव्या हाताची सुटका सुधारत राहिलो, हनुवटीखालची पकड बदलून पाहिली, उभे राहण्याची पद्धत बदलली. शेवटी एका ज्येष्ठ धनुर्धराने माझा एक बाण हातात घेतला, दोन्ही टोके धरून हलकेच वाकवून पाहिला आणि म्हणाले, “अहो, ही तर पहार आहे. तुमच्या धनुष्याला हा बाण वाकवताच येणार नाही.” दोष माझ्या हाताचा नव्हता, हे कळायला चार महिने गेले होते.

बाण सरळ जातो, असे आपण म्हणतो, पण दोरी सुटते त्या क्षणी तो सरळ नसतो. मागून दोरीचा जोरदार धक्का बसतो, पुढचे जड टोक जागचे हलायला थोडा वेळ घेते आणि मधली दांडी कमानीसारखी वाकते. धनुष्याच्या मुठीला वळसा घालून, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला लवत लवत ती पुढे निघते आणि काही अंतरावर स्थिरावते. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रणाने ही हालचाल डोळ्यांना दिसेल अशी टिपून ठेवली. दांडीच्या या लवचिकतेला मैदानावर सगळे ‘स्पाइन’ म्हणतात. दांडी धनुष्याच्या मानाने फार ताठ असेल, तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, आणि फार मऊ असेल तर उजवीकडे जातो. माझे बाण ५०० स्पाइनचे होते आणि माझ्या धनुष्याला ९०० च्या आसपासचे हवे होते. इथे नवख्याची हमखास गफलत होते, कारण आकडा जितका मोठा तितकी दांडी मऊ. अठ्ठावीस इंच अंतरावरच्या दोन आधारांवर दांडी ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅमचे वजन टांगले की ती इंचाचे जितके हजारांश लवते तो तिचा आकडा. ५०० म्हणजे अर्धा इंच, १००० म्हणजे पूर्ण एक इंच. अॅल्युमिनियमच्या दांडीवरील आकड्याचा हिशेब निराळाच असतो. १८१६ असे लिहिले असेल, तर व्यास इंचाचा १८/६४ आणि नळीच्या पत्र्याची जाडी इंचाचे १६ हजारांश. हे आकडे ज्याला वाचता येतात, त्याला दुकानात कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

एकटा बाण हातात धरून तो चांगला की वाईट हे ठरवता येत नाही, हे मला त्या चार महिन्यांनी शिकवले. बाण आपल्या धनुष्याशी जुळला पाहिजे आणि भात्यातील बाकीच्या अकरा बाणांसारखा असला पाहिजे. दुसरी अट कारखाना उत्तम पाळतो, आणि तिथे त्याची बरोबरी हाताने करणे जवळजवळ अशक्य आहे. पहिली अट मात्र कारखान्याच्या हातातच नाही, कारण कारखान्याने तुमचे धनुष्य पाहिलेले नसते.

ही गोष्ट सर्वांत जास्त जाणवते ती बांबूच्या धनुष्याबाबत. आपल्याकडील राष्ट्रीय स्पर्धांमध्ये इंडियन राउंड हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात बांबूच्या साध्या धनुष्याने ५० आणि ३० मीटरवर नेम मारावा लागतो, आणि लाखाच्या घरातील साहित्य न परवडणारी कित्येक मुले या प्रकारातूनच या खेळात येतात. आधुनिक रिकर्व्ह धनुष्याची मूठ मध्यभागी कोरलेली असते, त्यामुळे बाण जवळजवळ दोरीच्या रेषेतच बसतो. बांबूच्या धनुष्यात तशी खोबण नसते. बाण मुठीच्या बाजूला तिरका टेकतो आणि सुटताना त्याला अख्ख्या मुठीला वळसा घालावा लागतो. म्हणून तेवढ्याच ओढीच्या धनुष्याला इथे अधिक मऊ दांडी लागते, आणि प्रत्येक मुठीची जाडी वेगळी असल्यामुळे किती मऊ हे कोणत्याही छापील तक्त्यात सापडत नाही. अशा धनुष्यासाठी बाण हातानेच करावा, असे माझे ठाम मत आहे.

ते करायला मी शिकलो नंदुरबार जिल्ह्यात. नोकरीनिमित्त तीन वर्षे तिकडे होतो. धडगावच्या बाजूला सातपुड्यातील पाड्यांवर तीरकामठा अजूनही घराघरांत भिंतीला टांगलेला दिसतो. तिथल्या पावरा या आदिवासी समाजातील एका वयस्कर गृहस्थांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. मी त्यांना माझे कार्बनचे बाण दाखवले, तेव्हा त्यांनी ते कौतुकाने हाताळले, बोटावर तोलून पाहिले आणि विचारले, “हा मोडला तर कुठून आणणार?” त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी मला सोबत नेऊन काठ्या निवडायला शिकवले. कोवळी काठी त्यांनी एकही घेतली नाही. दोन-तीन पावसाळे पाहिलेली, करंगळीएवढ्या जाडीची, पेरांमधले अंतर लांब असलेली आणि शक्यतो भरीव काठी ते निवडत. हिवाळ्यात तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते, आणि त्यातही वद्य पक्षात तोडावा, असा तिकडचाच नव्हे तर कोकणातलाही जुना संकेत आहे. मी हिवाळा पाळतो, आणि पक्षही पाळतो, कारण दादांनी तसे सांगितले होते.

तोडलेल्या काठ्या जुडी बांधून सावलीत तीन-चार महिने वाळवाव्या लागतात. उन्हात घाई केली तर त्या तडकतात. मग येते ते सरळ करण्याचे काम, आणि बाण बनवण्याच्या साऱ्या उद्योगात मला हेच काम सर्वांत प्रिय आहे. निखाऱ्यांवर वाकडी जागा फिरवत फिरवत तापवायची, हाताला चटका सहन होईल न होईल इतकी ती तापली की बाकाच्या उलट दिशेला किंचित जास्त दाबायची आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. घाईने सोडली की ती जुन्या वळणावर परतते. पेरांपाशी बाक अधिक हट्टी असतो. आधी पेरांवरचे उंचवटे कानशीने उतरवून घ्यायचे, मग दोन पेरांमधला भाग आणि शेवटी पेरांजवळची जागा, असा क्रम मला मानवतो. एका काठीला वीस मिनिटेही लागतात आणि कधी तासही लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळ्यासमोर धरून पाहिले तर थोडा बाक परत आलेला असतो, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन वेळा तरी हे करावे लागते. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा करावे लागते ते वेगळेच.

सरळ झालेल्या काठ्यांची परीक्षा घ्यायला मी एक साधी फळी केली आहे. तिच्यावर एकमेकांपासून ६६ सेंटिमीटरवर दोन खिळे आहेत, मध्ये टांगायला ९०७ ग्रॅम म्हणजे दोन पाउंड भरेल इतकी वाळू भरलेली डबी आहे आणि मागे स्टीलची पट्टी आहे. लाकडी बाणांचा हिशेब कार्बनपेक्षा वेगळा आणि सोपा असतो. काठी जितके इंच लवली त्या आकड्याने २६ ला भागले की ती किती पाउंडांच्या धनुष्याला योग्य आहे ते येते. माझे बांबूचे धनुष्य ३६ पाउंडांचे आहे, त्यामुळे हिशेबाने काठी ०.७२ इंच, म्हणजे १८ मिलिमीटर लवायला हवी. प्रत्यक्षात त्या जाड मुठीला २० ते २१ मिलिमीटर लवणारी काठी मानवते, आणि हे मला दीड वर्षे वेगवेगळ्या काठ्या मारून पाहिल्यावर कळले. शिवाय बांबूची काठी सर्व बाजूंनी सारखी ताठ नसते. ती खिळ्यांवर फिरवत गेले की एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त लवते. जी बाजू सर्वांत ताठ, तिच्यावर मी पेन्सिलीने खूण करतो, आणि बाण दोरीला लावल्यावर ती बाजू मुठीला टेकेल अशा बेताने मागची खाच कापतो. बाराही बाणांत हे सांभाळले तर ते एका कुटुंबातले असल्यासारखे वागतात.

वजनाचे तेच. सोनारकामाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर माझ्या पहिल्या वर्षीच्या काठ्या टोक आणि पिसांसह २२ ग्रॅमपासून ३१ ग्रॅमपर्यंत भरल्या होत्या. तीस मीटरवर २६ ग्रॅमचा बाण जिथे लागतो, तिथून ३१ ग्रॅमचा वीतभर तरी खाली जातो, मग नेम कितीही अचूक असो. त्या वर्षी चाळीस काठ्यांतून एकमेकांना जुळणारे आठ बाण निघाले. बरे कार्बनचे शाफ्ट, म्हणजे नुसत्या दांड्या घेतल्या, तर डझनातील फरक ग्रॅमच्या काही शतांशांत मोजावा लागतो. हातच्या बाणाचे कौतुक सांगताना ही गोष्ट कोणी लपवू नये.

खाच नेहमी पेराच्या लगेच मागे कापावी, म्हणजे दोरीच्या दाबाने चीर पडू लागली तर ती पेरापाशी अडते. खाचेच्या पुढे सुती दोरा घट्ट गुंडाळून त्यावर सरस किंवा आजकालचा इपॉक्सी लावावा. टोकाकडे काठीचा जाड भाग ठेवावा, म्हणजे वजन पुढे राहते. पिसे मी टर्कीची विकत घेतो, कारण ती ताठ आणि एकसारखी मिळतात. डाव्या पंखाची पिसे एका दिशेला वळतात, उजव्या पंखाची दुसऱ्या दिशेला, तेव्हा एका बाणावरच काय, एका डझनातही दोन्ही मिसळू नयेत. बांबूच्या धनुष्यावर प्लास्टिकचे पंख चालत नाहीत. ते मुठीला घासून जाताना बाणाला धक्का देतात, पीस मात्र दबते आणि पुढे जाऊन पुन्हा उभे राहते. संस्कृत वाङ्मयात बाणाला कंक आणि गिधाड यांची पिसे लावल्याचे उल्लेख वाचून काही जण तसा विचार करतात. गिधाडे १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहेत आणि संख्येनेही मोजकीच उरली आहेत, त्यांच्या पिसांना हात लावू नये.

आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्याविषयी वाचले, तेव्हा मी फार वेळ विचार करत बसलो होतो. त्याच्या भात्यात चौदा बाण होते आणि त्यांपैकी फक्त दोन पूर्ण झालेले होते. त्या दोन बाणांना तीन-तीन पिसे बर्चच्या डिंकासारख्या राळेने चिकटवून वर दोरा गुंडाळलेला होता, बाकीच्या बारा नुसत्या काठ्या होत्या. काठ्या जमवणे, निवडणे आणि मग सवडीने एकेक पूर्ण करणे हा क्रम तेव्हाही असाच होता. आपल्याकडेही धनुष्य करणारा कमानगर आणि बाण करणारा तीरगर हे दोन वेगळे कारागीर होते. बाण हे धनुष्यासोबत फुकट मिळणारे किरकोळ सामान नव्हे, ते एका माणसाचे पूर्ण वेळेचे काम होते.

आता रिकर्व्ह आणि कंपाउंडचे. सत्तर मीटरवर १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे असते, आणि तिथे नेम मारायचा असेल तर दांडी कारखान्याचीच हवी. परंतु दांडी कारखान्याची घेतली म्हणून बाण पूर्ण तयार घेण्याची गरज नाही. मी सर्वांना सांगतो की शाफ्ट, पॉइंट (पुढचे टोक), नॉक (मागची खाच) आणि व्हेन (प्लास्टिकचे पंख) वेगवेगळे घ्या आणि जोडणी स्वतः करा. याचा खरा लाभ पैशांचा नाही. आधी दोन-तीन शाफ्टना पिसे न लावता फक्त पॉइंट आणि नॉक बसवायचे, अठरा-वीस मीटरवरून पिसे लावलेल्या बाणांबरोबर ते मारायचे आणि कुठे लागतात ते पाहायचे. पिसे चूक झाकतात. बिनपिसांची दांडी ती लपवत नाही. ती डावीकडे गेली तर ताठ आहे, म्हणजे जड पॉइंट लावून पाहावा. उजवीकडे गेली तर मऊ आहे, म्हणजे पॉइंट हलका करावा किंवा दांडी थोडी थोडी आखूड करावी. कापलेली दांडी परत लांब होत नाही, म्हणून एका वेळी पाव इंचाहून जास्त कापू नये. तयार डझन विकत घेणाऱ्याच्या हातात यांपैकी काहीही राहत नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या ओढीची लांबी दर वर्षी वाढते, त्यांचे बाण तर दोन इंच लांबच ठेवावेत, कारण आखूड बाण ओढताना मुठीच्या आत आला तर तो हातात घुसू शकतो.

कार्बन कापताना वेगाने फिरणारी घासचकतीच वापरावी, तोंडाला मास्क बांधावा आणि चकतीजवळ ओला फडका ठेवावा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. नळी कापण्याच्या कटरने कार्बनच्या तंतूंना आतून चिरा जातात. पॉइंट बसवताना उष्णता पॉइंटलाच द्यावी, दांडीला ज्योत दाखवू नये, कारण तंतूंना धरून ठेवणारी राळ उष्णतेने कमकुवत होते. आणि दांडी विकतची असो की हातची, प्रत्येक वेळी मारण्यापूर्वी ती वाकवून, पिळून, कानाशी धरून पाहावी. किंचितही करकर ऐकू आली तर तो बाण मोडून टाकावा. चीर गेलेल्या कार्बनवर चिकटपट्टी गुंडाळून तो मुलाच्या हातात परत देणारे पालक मी पाहिले आहेत. एका बाणाच्या किमतीसाठी मुलाचा पंजा पणाला लावला जातो आहे हे त्यांना कळावे, म्हणून मी तिथे गप्प बसत नाही, मग कोणाला वाईट वाटले तरी चालेल.

पैशांचे म्हणाल, तर जोडणीसाठी पिसे बसवण्याचा साचा, काटा आणि गोंद यांचा खर्च एकदाच होतो. त्यानंतर पीस फाटले, नॉक फुटला की दहा मिनिटांत दुरुस्ती होते आणि डझन पुरवून पुरवून वापरता येतो. बांबूच्या बाणात साहित्याचा खर्च नगण्य, पण एका बाणामागे एकूण पाच-सहा तास जातात. ते तास ज्याला जड वाटतात त्याने बांबूच्या वाटेला जाऊ नये, त्यात काही कमीपणा नाही. स्पर्धेच्या महिन्यात मीही निखाऱ्यांजवळ बसत नाही.

मी प्रत्येक बाणाला क्रमांक देतो. स्पर्धेत बाणावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असावीच लागतात आणि एका फेरीतले सगळे बाण एकसारखे दिसावे लागतात, म्हणून क्रमांक मी पिसांजवळ बारीक अक्षरांत लिहितो. वहीत लक्ष्याची आकृती काढून कोणत्या क्रमांकाचा बाण कुठे लागला ते नोंदवत गेले की दोनशे-अडीचशे बाणांनंतर एखादा खोडकर सापडतोच. कार्बनच्या माझ्या सध्याच्या डझनात सातवा बाण कायम किंचित खाली उजवीकडे जायचा. नॉक पाव फेरा फिरवल्यावर तो बाकीच्यांत मिसळला. तयार डझनातही असा एखादा असतोच, पण त्याचे काय करायचे हे ज्याने स्वतः बाण जोडले आहेत त्यालाच सुचते.

यंदा पौषात तोडलेल्या अडतीस काठ्या माळ्यावर वाळल्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा २० ते २१ मिलिमीटरमध्ये बसणाऱ्या अकरा निघाल्या. एकोणीसवर अडलेली आणखी एक आहे. तिची जाडी थोडी तासून ती बारावी होते का, ते या रविवारी पाहणार आहे.